पिट लाइनवर उतरण्याआधी: मुंबईत रेल्वेच्या डब्यांचा फिटर व्हायचंय त्यांच्यासाठी

आयटीआयचा निकाल लागला की ओळखीतला कुणीतरी आपल्या मुलाला माझ्याकडे पाठवून देतो. पोराचा पहिला प्रश्न, "काका, रेल्वेत कसं लागायचं?" दुसरा पगाराचा. काम काय असतं हे सहसा कुणी विचारत नाही. रुजू झाल्यावर पहिल्या रात्रपाळीत, हेडलाइट लावून डब्याच्या पोटाखाली वाकून उभं राहिलं की ते कळतं, आणि मग काही जण मला फोन करून शिव्या घालतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

मी डबे सांभाळणाऱ्या कॅरेज अँड वॅगन खात्याचा, म्हणजे आमच्या भाषेत सी अँड डब्ल्यूचा माणूस. उमेदवारी वर्कशॉपमध्ये केली, पुढची नोकरी लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या डेपोत. लोकलच्या कारशेडचं जे काही इथे येईल ते माझ्या मेहुण्याकडून ऐकलेलं आणि त्याच्याबरोबर जाऊन पाहिलेलं. तो तिथे इलेक्ट्रिकल फिटर आहे.

आधी जागा समजून घ्या

मुंबईत डबे दुरुस्त करण्याच्या तीन प्रकारच्या जागा आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिली कारशेड. इथे फक्त लोकल येतात. मध्य रेल्वेची कुर्ला, कळवा आणि सानपाडा. पश्चिम रेल्वेची मुंबई सेंट्रल, कांदिवली आणि विरार. 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून हार्बरमार्गे कुर्ल्याला गेली, तेव्हापासून हे काम या शहरात चालू आहे. कारशेडमध्ये घड्याळ राजा. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत रेक, म्हणजे डबे जोडलेली अख्खी गाडी, बाहेर असायलाच हवा, त्यामुळे हात चालवायचे ते दुपारी आणि रात्री.

दुसरी कोचिंग डेपो: वाडीबंदर, माझगाव, एलटीटी (लोकमान्य टिळक टर्मिनस), मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस. गावाकडे जाणाऱ्या गाड्या इथे धुतल्या जातात, पाणी भरून घेतात आणि खालून तपासल्या जातात. गाडी आली की तिच्या परतीची वेळ ठरलेली असते. तेवढ्या वेळात काम उरकलं तर ठीक, नाहीतर फलाटावर दोन हजार माणसं आणि तुमच्या साहेबांच्या कानाला चिकटलेला फोन.

तिसरी वर्कशॉप. परळचं 1879 चं, माटुंग्याचं 1915 चं, शिवाय पश्चिम रेल्वेची लोअर परळ आणि महालक्ष्मी. इथे डबा पूर्ण उघडतात: क्रेनने उचलून बोगीपासून, म्हणजे खालच्या चाकांच्या चौकटीपासून, वेगळा करायचा, बोगी सुटी करायची, चाकं लेथवर, गंजलेला पत्रा कापून नवा. काम जड आहे, पण पाळी बहुतेक दिवसाची आणि संध्याकाळी माणूस घरी जेवायला असतो. शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही, हे माझं पक्षपाती मत. डेपोत तुम्हाला ब्रेकचा सिलिंडर बाहेरून दिसतो, वर्कशॉपमध्ये त्याचं पोट दिसतं.

मेट्रोची शेडही आता पर्याय आहेत, चारकोप आणि आरे कॉलनीतली. तिथली भरती वेगळी, पद्धती वेगळ्या, म्हणून इथे थांबतो.

आत शिरण्याचे रस्ते

दहावी आणि आयटीआय. ट्रेड फिटर असेल तर सगळीकडे मागणी. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट, कारपेंटर, पेंटर, शीट मेटल यांनाही जागा निघतात. कारशेडवर डोळा असेल तर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन घ्या.

आयटीआयनंतर लगेच ॲक्ट अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवारीचा अर्ज भरा. जाहिरात रेल्वे रिक्रूटमेंट सेल काढतं, मध्य आणि पश्चिम रेल्वेची वेगवेगळी. वय 15 ते 24, राखीव गटांना सवलत. दहावीला किमान 50 टक्के लागतात. लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या टक्क्यांची सरासरी काढून यादी लागते. म्हणजे दहावीत केलेली टंगळमंगळ इथे वसूल होते. अर्जात शेड किंवा वर्कशॉपचा पसंतीक्रम विचारतात तेव्हा घराजवळचं नाव आधी टाकायचा मोह होतो. डोंबिवलीचा मुलगा कळवा लिहितो. मी म्हणेन, फिटर असाल तर वर्षभर माटुंगा किंवा परळचा प्रवास सोसा.

वर्ष संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं. ते म्हणजे नोकरी असं समजू नका; उमेदवारी केली म्हणून रेल्वे तुम्हाला घ्यायला बांधील नाही. मात्र लेव्हल 1 च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या, थेट भरतीत रेल्वेत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी 20 टक्के जागा ठेवलेल्या असतात, आणि परीक्षा त्यांनाही द्यावीच लागते.

दुसरा रस्ता रेल्वे भरती मंडळाच्या टेक्निशियन ग्रेड 3 चा. 2024 च्या जाहिरातीत संगणकावरची 100 प्रश्नांची परीक्षा, वेळ 90 मिनिटं, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा असा नमुना होता. त्यात 40 प्रश्न सामान्य विज्ञानाचे, म्हणजे दहावीचं विज्ञानाचं पुस्तक पुन्हा काढा. परीक्षा मराठीतून देता येते. आपली मुलं अर्ज करताना उगाच इंग्रजी निवडतात आणि "रेझिस्टिव्हिटी"पाशी अडकतात. मूळ वेतन ग्रेड 3 ला 19,900, लेव्हल 1 च्या सहायकाला 18,000. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, रात्रपाळीचे पैसे आणि पास.

वैद्यकीय तपासणीत डोळे बघतात, रंगांधळेपणाही. अर्ज भरण्याआधी एखाद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून रंगांच्या ठिपक्यांची चाचणी करून घ्या. निवड झाल्यावर तिथे अडकलेली मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

आणि "साहेबांशी ओळख आहे, चार लाख द्या" असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहाही पाजू नका. आमच्या चाळीतल्या एकाने आईच्या पाटल्या मोडून पैसे दिले होते. मिळालं काय, तर शिक्का मारलेलं खोटं नेमणूकपत्र.

पहिला दिवस: लाल झेंडी

बूट, हेल्मेट, चमकणारं जॅकेट हे सगळं मिळतं. बूट मापाचे मिळेपर्यंत भांडा.

उभ्या गाडीखाली जाण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना लाल झेंडी, रात्री लाल दिवा. झेंडी असेपर्यंत त्या गाडीला इंजिन लागत नाही, कुणी हलवत नाही. ज्या गँगने लावली त्याच गँगने काढायची. मेकॅनिकलवाले आपली लावतात, इलेक्ट्रिकवाले आपली. दुसऱ्याची झेंडी दिसते म्हणून आपण खाली घुसायचं नाही, कारण त्याचं काम संपलं की तो ती घेऊन चहाला जाणार. तुम्ही अजून खालीच.

रूळ ओलांडताना दोन डब्यांच्या मधून, बफरखालून वाकून जायचं नाही. अख्ख्या गाडीला वळसा पडला तरी चालेल. जुने लोक जाताना दिसतील आणि तुम्हाला हसतीलही. हसू द्या.

गाडी आत येते तेव्हा

नवशिक्याला वाटतं काम गाडी थांबल्यावर सुरू होतं. खरं तर ती आत येत असतानाच निम्मं कळतं. याला रोलिंग-इन म्हणतात. दोन्ही बाजूंना एकेक माणूस उकिडवा बसतो, टॉर्च चाकांवर, आणि गाडी हळू वेगाने समोरून जाते. त्या दोन-तीन मिनिटांत बघायचं काय? लोंबणारं काही आहे का. स्प्रिंग एका बाजूला बसलीय का. एखादा ब्रेक ब्लॉक चाकाला चिकटून राहिलाय का, त्याचा जळका, लोखंडी वास येतो. आणि कान.

चांगलं चाक गुणगुणतं. सपाट पडलेलं चाक ठोके देतं: टक, टक, टक, एका लयीत. कुठल्या डब्याचं कुठलं चाक हे आवाजावरून पकडायला मला वर्ष लागलं. आमच्या डेपोतले एक सिनियर टेक्निशियन डोळे मिटून बसायचे आणि गाडी थांबली की म्हणायचे, "एस-सिक्स, मागची बोगी, उजवीकडचं पुढचं." आम्ही धावत जाऊन बघायचो. चुकले असं मला आठवत नाही, फक्त एकदा एस-फाइव्ह निघालं होतं आणि त्याबद्दल ते आठवडाभर गप्प होते.

ठोक्यांचं एवढं काय? हिशोब करा. डब्याचं नवं चाक 915 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेरीत सुमारे 2.87 मीटर. गाडी ताशी 100 किलोमीटरने धावत असेल तर चाक सेकंदाला जवळपास 10 वेळा फिरतं. सपाट जागा असेल तर सेकंदाला 10 घण, रुळावरही आणि बेअरिंगवरही, थेट नागपूरपर्यंत.

चाक मोजणं

टायर डिफेक्ट गेज नावाची एक पातळ पोलादी पट्टी असते, तिला खाचा. ती तुमची पहिली मैत्रीण. चाकाच्या आतल्या कडेला जो उंच काठ असतो तो फ्लँज. गाडी रुळावर राहते ती त्याच्यामुळे. तो फार धारदार झाला, म्हणजे टोकाची गोलाई 5 मिलिमीटरपेक्षा कमी झाली, तर सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, दोन रुळांच्या फटीत शिरू शकतो. चाकाचा धावता भाग झिजला की फ्लँज उंच भासतो. 35 मिलिमीटरच्या वर गेला तर तो रुळाच्या जोडपट्टीवर आदळायला लागतो. मधे 5 मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा पडला तर चाक पोकळ. सपाट भाग प्रवासी डब्याला 50 मिलिमीटरपर्यंतच चालतो. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर 1600 मिलिमीटर, त्यात दोन जास्त किंवा एक कमी इतकीच मुभा.

हे आकडे पाठ करा, पण पाठ आहेत म्हणून गेज खिशात ठेवू नका. डोळ्याला चांगलं दिसणारं चाक गेजला नापास होतं, आणि हे रात्री तीन वाजता जास्त होतं.

पिटमध्ये

रुळांच्या मधला खोल चर म्हणजे पिट. त्यात उभं राहिलं की डब्याचं पोट डोक्यावर येतं. पूर्वी संडास थेट खाली उघडायचे, तेव्हा इथे काम करणं काय होतं ते जेवणाच्या वेळी सांगण्यासारखं नाही. बायो-टॉयलेट आल्यापासून बरं आहे. बरं म्हणजे बरं, सुगंधी नव्हे.

एका टोकापासून सुरुवात करा आणि क्रम मोडू नका: आधी डावी बाजू, मग मधला भाग, मग उजवी, दर डब्याला तसंच. मधेच कुणी हाक मारली तर जिथे थांबलात तिथे खडूची खूण करा. हातोडी ही फक्त ठोकण्यासाठी नसते. घट्ट बोल्ट टणकन वाजतो, सैल भदभद.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. ब्रेकच्या हँगरची पिन बदलायची होती. पिन घातली, तिच्या टोकाला स्प्लिट पिन घातली आणि पुढे गेलो. स्प्लिट पिनचे दोन पाय फाकवायचे असतात, नाहीतर धक्क्यांनी ती गळून पडते, मग मोठी पिन सरकते, मग ब्रेक बीम, म्हणजे ब्रेकचा आडवा दांडा, रुळावर लोंबतो. मी पाय फाकवले नव्हते. बरोबरचे काका मागून तपासत येत होते. ते काही बोलले नाहीत. चहाच्या वेळी त्यांनी खिशातून ती सरळ पायांची स्प्लिट पिन काढली आणि माझ्या बशीत ठेवली. नवी पिन त्यांनी स्वतः बसवली होती. ओरडले असते तर दोन दिवसांत विसरलो असतो.

त्या पिनखाली सेफ्टी ब्रॅकेट असतो, पिन निसटलीच तर बीम झेलायला. तोही तपासायचा. झेलणाराच सैल असेल तर काय उपयोग.

आता डेपोत बहुतेक डबे एलएचबीचे, म्हणजे नव्या जर्मन पद्धतीचे. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याने जुन्या पद्धतीचे निळे डबे बनवणं 2018 मध्ये बंद केलं. एलएचबीला चाकावर घासणारा ब्लॉक नाही. आसावर चकत्या असतात आणि त्यांना पॅड पकडतात. तपासणीची नावंही निराळी: दर महिन्याला डी-2, सहा महिन्यांनी डी-3, आणि दीड, तीन आणि सहा वर्षांनी वर्कशॉप. जुन्या डब्यांवर शिकलेले लोक एलएचबीला नाक मुरडतात. तुम्ही दोन्ही शिका.

हवेचा हिशोब

डब्यांखालून दोन नळ्या जातात. हिरवी ब्रेक पाइप, तिच्यात 5 किलो दाब. पांढरी फीड पाइप, 6 किलो. नवशिक्याला उलटं वाटतं, पण ब्रेक पाइपमधली हवा कमी केली की ब्रेक लागतो आणि भरली की सुटतो. म्हणूनच गाडी मधेच तुटली तर पाइप फुटून हवा निघून जाते आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात.

चाचणीत ब्रेक लावून प्रत्येक डब्यापाशी चालत जायचं. सगळीकडे लागला का? सोडल्यावर सगळीकडे सुटला का? गळती मिनिटाला 0.2 किलोपर्यंत चालते. गळती शोधायला साबणाचं पाणी, अगदी सायकलच्या ट्यूबसारखं. जोडणीच्या रबरी वॉशरला आम्ही चार-चार तास शोधलंय. आणि दाब असलेली नळी हातोडीने मोकळी करायला जाऊ नका. आधी कॉक बंद करा, आतली हवा जाऊ द्या. सुटलेली नळी फटका मारते, तेव्हा दात जातात.

कारशेडमध्ये वर बघा

लोकलच्या छतावरच्या तारेत 25,000 व्होल्ट. आधी इथे 1,500 व्होल्टचा डीसी होता. तो बदलण्याचं काम पश्चिम रेल्वेवर 2012 मध्ये आणि मध्य रेल्वेच्या हार्बरवर 2016 मध्ये पूर्ण झालं. मेहुणा म्हणतो, नव्या व्होल्टेजला शिवायची गरजच नसते, जवळ गेलात तरी तो स्वतः येऊन भेटतो. म्हणून दोन मीटरच्या आत जायचं नाही, हातात लांब पाइप किंवा ओली काठी असेल तर आणखी लांब.

छतावर काम असेल तर क्रम असा: पँटोग्राफ (तारेला टेकणारा छतावरचा सांगाडा) खाली, त्या लाइनची वीज तोडणारा आयसोलेटर उघडा, कुलूप, किल्ली काम करणाऱ्याकडे. मग तारेतली उरलेली वीज रुळात सोडणारा डिस्चार्ज रॉड. रॉडचं खालचं टोक आधी रुळाला घट्ट, त्यानंतर वरचा हुक तारेला. काढताना उलटं: आधी तारेवरून, मग रुळावरून. हा क्रम झोपेत विचारला तरी सांगता आला पाहिजे. झाल्यावरच शिडी.

बाकी लोकलचं रोजचं काम प्रवाशांच्या तक्रारींतून येतं: पंखा, दिवा, अडकलेलं शटर, सैल हँडल. 25 डिसेंबर 2017 ला पहिली एसी लोकल धावली, तेव्हापासून आपोआप मिटणाऱ्या दारांचीही भर पडली. मेहुण्याच्या मते एसीपेक्षा दारंच जास्त त्रास देतात, कारण चार माणसांनी अडवून धरलेलं दार बंद करायला जगात कुठलीच मोटर पुरी पडत नाही.

पाऊस

मोटारी डब्याखाली आणि पाणी रुळावर, म्हणजे जुलैत काय होतं ते सांगायला नको. तयारी मेमध्येच: छताच्या जोडांना सीलंट, खिडक्यांचे रबर, जोडणीच्या पेट्यांची झाकणं. पाण्यातून आलेला रेक शेडमध्ये आला की मेगर नावाचं मोजयंत्र लावून मोटरच्या वेटोळ्यांच्या इन्सुलेशनचा रोध मोजतात. कमी भरला तर ती वाळवल्याशिवाय वीज द्यायची नाही. बाहेर स्टेशनवर लोक गाडीला आणि आम्हाला शिव्या देत असतात. तेव्हा घाई करायला लावणारे खूप भेटतात, वरचेही. मेगरचा काटा मात्र कुणाच्या घाईने हलत नाही.

तुमच्यासाठी: दोन जोडी मोजे, कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पायांच्या बोटांमध्ये पावडर. आमच्यात चिखल्या न झालेला माणूस शोधून सापडणार नाही.

सही

काम झालं की रजिस्टर. कुठला डबा, काय सापडलं, काय बदललं, कुणी बदललं. त्यावर ज्युनिअर किंवा सिनियर इंजिनिअर सही करतो, मग ब्रेकचं प्रमाणपत्र बनतं. त्यावर आमच्या माणसाची, लोको पायलटची आणि ट्रेन मॅनेजरची सही झाल्याशिवाय गाडी निघत नाही. 2022 पर्यंत ट्रेन मॅनेजरला गार्ड म्हणायचे, आमचे लोक अजूनही म्हणतात.

न पाहिलेल्या डब्यापुढे "ठीक" लिहू नका. "अरे, मी बघितलंय, तू टाक" असं प्रेमाने सांगणारे मित्रच असतात, शत्रू असं कधी सांगत नाहीत. त्यांना म्हणा, मग तुझं नाव टाकतो. बहुतेक वेळा ते टॉर्च घेऊन पुन्हा जातात. डबा सोडण्यासारखा नसेल तर तसं लिहा आणि वरच्यांना बोलवा. त्याला "सिक" करणं म्हणतात. डबा गाडीतून काढून सिक लाइनवर जातो. गाडी उशिरा सुटेल, बोलणी बसतील. लिहिलेलं असेल तर बोलणी पंधरा मिनिटांची.

पुढे

ग्रेड 3 वरून ग्रेड 2, ग्रेड 1, मग सिनियर टेक्निशियन, ज्याचं मूळ वेतन 35,400 पासून. मधे ट्रेड टेस्ट. त्यात एखादा व्हॉल्व्ह खोलून जोडायला देतात किंवा गेज हातात देऊन चाक मोजायला सांगतात, आणि तोंडी प्रश्न. ज्युनिअर इंजिनिअर व्हायचं तर खात्यांतर्गत परीक्षा आहे; नोकरी करता करता डिप्लोमा केलेले बरेच आहेत. लग्नाआधी करा, असं मी म्हणतो आणि बायको माझ्याकडे बघते.

पाठीची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. पिटमध्ये मान वर करून आठ तास म्हणजे काय ते चाळिशीत कळतं. रात्रपाळीनंतर पहिल्या लोकलने घरी जाताना दारात उभे राहू नका, झोप उभ्याने लागते. आत बसा, आणि डबा कुठल्या शेडचा आहे ते बाहेर लिहिलेलं वाचून बसा. सवयच लागते. माझी पोरं आता लोकलमध्ये माझ्या शेजारी बसत नाहीत, कारण बाबा सीटवर बसल्या बसल्या कान लावून चाकं मोजतात.